बटणाच्या आत काय ठेवायचं, हे कोण ठरवतं?

संगणकाच्या पडद्यावरचं एक साधं बटण डोळ्यांसमोर आणा. त्यावर बहुतेकदा एखादा शब्द असतो: ‘जतन करा’, ‘रद्द करा’. आता समजा, तुम्हाला त्या मराठी शब्दाखाली इंग्रजी शब्दही हवाय. मागणी किरकोळ वाटते ना? पण बटणात हवं ते सहज ठेवता यायला रेडमंडच्या मायक्रोसॉफ्टला पंधरा वर्षं लागली.

सुरुवात १९९१ची. ‘व्हिज्युअल बेसिक’ बाजारात आलं. खिडक्या, बटणं माऊसने मांडायची ही कल्पना अ‍ॅलन कूपर यांच्या ‘रूबी’तून आलेली, मायक्रोसॉफ्टने ती त्यांच्याकडून विकत घेतली होती. बाहेरच्या लोकांनी बनवलेले कंट्रोलही त्यात बसवता येत. त्यांना व्हीबीएक्स म्हणत. तक्ते, आलेख, कॅलेंडर असं एकदा बनवायचं आणि हजारोंना विकायचं. छोट्या कंपन्यांचा चांगला धंदा उभा राहिला.

पण बटणाचा डबा सीलबंद होता. त्याला एक ‘कॅप्शन’ द्यायचं, तेही फक्त मजकुराचं, आणि फॉन्ट एकच. मराठीत याचा अर्थ काय झाला बघा. युनिकोडच्या आधी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्री-लिपी’सारखे फॉन्ट वापरात होते. अशा फॉन्टमध्ये बऱ्याचदा रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. बटणाला मराठी फॉन्ट दिला, की त्यावरच्या इंग्रजी शब्दाचं कडबोळं व्हायचं. विंडोज २०००मध्ये युनिकोड देवनागरी आली आणि अक्षरांचा प्रश्न सुटला. डबा मात्र तसाच राहिला.

२००२च्या एएसपी डॉट नेटमध्ये झाकण किलकिलं झालं. त्यातला ‘रिपीटर’ ओळी फिरवायचं काम करतो. प्रत्येक ओळ कशी दिसेल, ते पान लिहिणारा ठरवतो. मग नोव्हेंबर २००६मध्ये डब्ल्यूपीएफ आलं. तिथलं बटण ‘कंटेंटकंट्रोल’च्या घराण्यातलं. त्याच्या आत मजकूरच हवा अशी अट नाही. चित्र ठेवा, दोन ओळी ठेवा, हवं तर दुसरं बटणही ठेवा.

खरी मेख पुढे आहे. समजा, तुम्ही वर शीर्षक असलेली एक चौकट बनवली, ‘यूजरकंट्रोल’च्या सोप्या वाटेने. तुमचं शीर्षक त्याच ‘कंटेंट’ नावाच्या कप्प्यात बसतं. वापरणाऱ्याने आत स्वतःचा मजकूर टाकला की तुमचं शीर्षकच गायब! कप्पा एक, दावेदार दोन. उपाय असा: आपलं रूप ‘टेम्प्लेट’मध्ये हलवायचं आणि तिथे ‘कंटेंटप्रेझेंटर’ नावाची एक जागा मोकळी सोडायची. चौकट बनवणाऱ्याची, आतलं वापरणाऱ्याचं. आजच्या एचटीएमएलमधला ‘स्लॉट’ किंवा रिअ‍ॅक्टमधलं ‘चिल्ड्रन’ यांमागेही हाच विचार आहे.

तंत्रज्ञानाचा इतिहास आपल्याकडे बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगतात. हा तुकडा अधिकारांच्या वाटणीचा आहे. ‘कॅप्शन म्हणजे एका फॉन्टमधला मजकूर’ असं ठरवणाऱ्यांचं मराठीशी काही वैर नव्हतं. दोन लिप्यांत काम करणारं ऑफिस त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतं, इतकंच. मोकळी जागा सोडली, की बनवणाऱ्याला सगळे वापरणारे आधीच ओळखावे लागत नाहीत. एखाद्या अ‍ॅपमध्ये मराठी शब्द बटणाच्या कडेला कापलेला दिसला, तर भाषांतराला नावं ठेवण्याआधी हे जरूर विचारा: या चौकटीत काय काय येऊ शकेल, याचा विचार बनवणाऱ्याने कुठवर केला होता?