विमानाचा कान आणि प्रवाशाचा कान

विमान धावपट्टीकडे वळू लागले म्हणजे हवाईसुंदरी आसनांच्या दोन ओळींमधून सावकाश चालत येते आणि कानांत पांढऱ्या बोंडासारखे काहीतरी अडकवून बसलेल्या एखाद्या तरुणास ते काढावयास खुणेने सांगते. तरुण ते काढतो. पण काढताना त्याच्या मुद्रेवर किंचित त्रासिक भाव उमटल्यावाचून राहत नाही. पाच-सहा ग्रॅम वजनाच्या या बिनतारी इअरबडने एवढ्या अजस्र यंत्राचे काय बिघडावयाचे आहे, असा त्याचा मनातल्या मनात प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र त्या इमुकल्या वस्तूत सापडावयाचे नाही. ते शोधण्यासाठी सुमारे शंभर वर्षे मागे जाणे प्राप्त आहे.

आरंभीच्या विमानांत ऐकण्यासारखे काही नव्हतेच. कानांवर आदळणारे ऐकू कसे येऊ नये, एवढीच विवंचना होती. १९२० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेत उतारूंची नियमित वाहतूक सुरू झाली, तेव्हा इंजिनांचा आवाज इतका कर्कश असे की प्रवाशांना कानांत घालण्यासाठी कापसाचे बोळे देण्याची चाल पडली होती. १९२५ साली लंडनहून उडालेल्या इंपीरियल एअरवेजच्या एका विमानात ‘द लॉस्ट वर्ल्ड’ हा चित्रपट दाखविण्यात आला. तो मूकपट होता हे एका परीने बरेच झाले. बोलपट असता तरी त्या गदारोळात कोणास ऐकू जाणार होता?

वैमानिकाची स्थितीही फारशी निराळी नव्हती. विमानातून बिनतारी संदेश धाडता येतो हे जेम्स मॅकर्डी याने न्यूयॉर्कजवळ ऑगस्ट १९१० मध्येच दाखवून दिले होते. परंतु ती यंत्रे जड आणि बेभरवशाची असल्याने अनेक लहान विमाने त्यांच्यावाचूनच उडत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईस जुहू येथे उतरले, ते असेच. त्यांच्या ‘पुस मॉथ’ विमानात बिनतारी यंत्र नव्हते. नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारी भूमी हाच काय तो त्यांचा आधार.

पण भूमी दिसेनाशी झाली तर? ढगांत आणि रात्री विमान न्यावयाचे कसे, या प्रश्नाचे अमेरिकेने त्याच सुमारास काढलेले उत्तर मोठे कौतुकास्पद होते, आणि ते सर्वस्वी कानावर उभारलेले होते. जमिनीवरचे एक केंद्र मॉर्स लिपीतील दोन अक्षरे अखंड प्रक्षेपित करी. मार्गाच्या एका अंगास ‘ए’, म्हणजे एक बिंदू व एक रेघ. आणि दुसऱ्या अंगास ‘एन’, म्हणजे रेघ आधी व बिंदू नंतर. विमान एका बाजूस ढळले की वैमानिकाच्या हेडफोनमध्ये पहिले अक्षर ठळक होई, दुसऱ्या बाजूस ढळले की दुसरे. विमान ठीक मार्गावर असले म्हणजे एका अक्षरातील रिकाम्या जागा दुसऱ्याच्या ध्वनीने भरून निघत आणि दोन्ही मिळून एकच सलग सूर कानी येई. तंबोऱ्याच्या सुरात गळा मिळवावा, तसे विमान त्या सुरात मिळवून न्यावयाचे! आकाशात विजा चमकत असल्या म्हणजे त्या सुरावर खरखर माजे. तीतून नेमका सूर निवडून काढीत वैमानिक तासन्‌तास बसत. अशा वेळी शेकडो फूट खालचे डोंगर आणि विमानातील माणसे यांच्यामध्ये एका माणसाच्या कानाखेरीज दुसरे काही नसे. विमानातील ऐकण्याला पुढे एवढे कडक नियम का लागले, हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल त्याने हे चित्र डोळ्यांपुढे ठेवावे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत हळूहळू मागे पडली. तिच्या जागी ‘व्हीओआर’ नावाची केंद्रे आली. आता दिशा ऐकण्याची गरज उरली नाही. विमानाची आकाशतार लहरी ग्रहण करी आणि वैमानिकापुढील तबकडीतला काटा मार्ग दाखवी. म्हणजे कान नाहीसा झाला नाही. तो वैमानिकाच्या डोक्यावरून उतरून विमानाच्या अंगात गेला. या केंद्रांना १०८ पासून ११८ मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा नेमून देण्यात आला. त्याला अगदी खेटून, ८८ पासून १०८ पर्यंत, अमेरिकेतील एफएम नभोवाणीचा पट्टा होता. या शेजारातूनच पुढचे सारे भांडण उद्भवले.

१९५४ साली ट्रान्झिस्टरवर चालणारा पहिला खिशातला रेडिओ अमेरिकेच्या बाजारात आला. त्यानंतर थोड्याच वर्षांत एफएम केंद्रे ऐकविणारे लहान संचही निघाले आणि प्रवासी ते घेऊन विमानात बसू लागले. रेडिओ ऐकणे हे सर्वांत निरुपद्रवी काम, अशी कोणाचीही समजूत असावयाची. बोलतो तो दुसऱ्यास उपद्रव देतो. ऐकणारा कोणाचे काय घेतो? परंतु यंत्राच्या बाबतीत ही समजूत खरी नाही. एडविन आर्मस्ट्राँग याने १९१८ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ज्या रचनेवर बहुतेक सारे रेडिओ चालत आले, तिच्यात बाहेरून येणारी लहर हाताळण्यास सोपी व्हावी म्हणून संच स्वतःच आत दुसरी एक लहर निर्माण करतो. एफएम संचात ही आतली लहर सामान्यतः बाहेरच्या लहरीपेक्षा १०.७ मेगाहर्ट्झने वरची असते. प्रवाशाने ९८ मेगाहर्ट्झवरचे एखादे गाणे लावले की त्याच्या मांडीवरचा संच १०८.७ मेगाहर्ट्झवर आपलाही एक क्षीण सूर आळवू लागे. आणि हा सूर नेमका विमानाच्या कानाच्या पट्ट्यात पडे. विशेष हे की एफएम नभोवाणीचा जनकही आर्मस्ट्राँगच. त्याच्या दोन उत्तम शोधांची सांगड पडली आणि तिसऱ्याच कोणाच्या वाटेत ती आडवी आली.

अमेरिकेच्या हवाई वाहतूक खात्याने १९६१ साली विमानात असे संच चालविण्यास बंदी केली, आणि १९६६ मध्ये नियम व्यापक करून हाती बाळगण्याच्या सर्वच विद्युत्‌-उपकरणांना तो लागू केला. सूट मिळाली ती थोड्यांना: आवाज मुद्रित करण्याची यंत्रे, हृदयाची गती राखणारे यंत्र, दाढी करण्याचे विजेचे यंत्र आणि बहिऱ्या माणसाचे श्रवणयंत्र. इतर उपकरणांविषयी विमान कंपनीने स्वतः खात्री करून घ्यावी, असे ठरले. यादी वाचताना दाढीच्या यंत्रापाशी हसू येते. पण श्रवणयंत्राची नोंद ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दरम्यान प्रवाशाचे मन रिझविणे कंपन्यांनाही अवश्य वाटू लागले होते. १९६१ च्या जुलैत टीडब्ल्यूए कंपनीने नियमित चित्रपट दाखविण्यास आरंभ केला. तो ऐकवावयाचा कसा? १९६३ पासून जी तोड निघाली ती वैद्याच्या नळीसारखी होती. आसनाच्या हातात दडविलेल्या लहानशा ध्वनियंत्रातून निघालेला आवाज पोकळ नळ्यांतून, नुसत्या हवेवाटे, प्रवाशाच्या कानांपर्यंत जाई. कानांत वीज नाही, चुंबक नाही, तार नाही. संगीत बादलीतून ऐकल्यासारखे येई खरे. पण ती नळी कोणाच्या मार्गात येण्याचा संभव नव्हता. पुढे विजेचे हेडफोन आले आणि या नळ्या कमी होत गेल्या, तरी काही विमानांत त्या कितीतरी वर्षे टिकून होत्या.

विमानप्रवासातील कंटाळ्याने जगास दोन मोठ्या वस्तू दिल्या, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. सोनी कंपनीचे संस्थापक मासारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात चांगले संगीत ऐकावयाचे होते आणि हाताशी असलेला संच जड होता. त्यांच्या या इच्छेतून १९७९ साली ‘वॉकमन’ जन्मास आला. त्याच्या आदल्या वर्षी अमर बोस हे झुरिचहून बॉस्टनला चालले होते. त्यांचे वडील ननीगोपाल बोस हे बंगालमधील क्रांतिकारक चळवळीतले. इंग्रज सरकारचा ससेमिरा चुकवून ते १९२० मध्ये अमेरिकेस गेले होते. मुलाने शाळकरी वयातच रेडिओ दुरुस्तीचा धंदा मांडून घरखर्चास हातभार लावला, आणि पुढे तो मॅसॅच्युसेट्स येथील सुप्रसिद्ध तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाला. विमानात मिळालेला हेडफोन अमर बोस यांनी मोठ्या उत्सुकतेने कानांस लावला. पण इंजिनाच्या घरघरीत संगीत बुडून गेले. दुसरा एखादा सेविकेवर रागावला असता. बोस यांनी कागद काढून गणित मांडावयास घेतले.

कल्पना अगदी नवी नव्हती. ध्वनी ही हवेतील दाबाची चढउतार. तिच्या नेमकी उलट चढउतार त्याच क्षणी निर्माण केली तर दोन्ही एकमेकींस गिळून शांतता उरते. या तत्त्वावर पॉल ल्यूग या जर्मन संशोधकास १९३६ मध्ये अमेरिकेत एकस्वही मिळाले होते. पण ते प्रत्यक्ष कानापाशी, सेकंदाच्या सूक्ष्म भागात घडवून आणणे ही गोष्ट निराळी. बोस यांच्या कंपनीस त्यास दहाएक वर्षे लागली. १९८६ च्या डिसेंबरात ‘व्हॉयेजर’ विमान वाटेत इंधन न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेव्हा त्याच्या दोघा वैमानिकांपाशी या हेडफोनचे प्रायोगिक नमुने होते. १९८९ मध्ये तो वैमानिकांसाठी विक्रीस निघाला, आणि २००० साली सामान्य प्रवाशासाठी. आज बोटाच्या पेराएवढ्या इअरबडमध्येही हेच तत्त्व काम करते. इंजिनाच्या एकसुरी गुणगुणीवर ते उत्तम चालते. मागच्या रांगेतील तान्ह्या मुलाच्या रडण्यापुढे मात्र त्याचे फारसे काही चालत नाही.

उपकरणे वाढत गेली तसा संशयही वाढला. १९९१ मध्ये अमेरिकेने उडत्या विमानात मोबाइल फोन वापरण्यास मनाई केली. काटा हलला, होकायंत्र भरकटले, प्रवाशाने संगणक बंद करताच सारे ठीक झाले, अशा वैमानिकांच्या तक्रारी नोंदल्या जात. त्या खोट्या म्हणाव्यात तर सांगणारे जाणते होते. खऱ्या म्हणाव्यात तर प्रयोगात त्या उतरत नसत. बोइंगच्या अभियंत्यांनी तर प्रवाशाचे तेच उपकरण विकत घेऊन परीक्षा करून पाहिली. पण बिघाड पुन्हा दिसला नाही. ज्या नियमाचा जन्म पक्क्या गणितातून झाला होता, तो आता बराचसा सावधगिरीवर जगत होता. सावधगिरी वाईट नव्हे. पण तिचे कारण कोणी सांगत नाही तेव्हा लोक ती गुपचूप मोडतात, आणि तसे हजारो प्रवासी करीतही होते. अखेर ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेने विमानांची परीक्षा करून पाहण्याच्या अटीवर उड्डाणापासून उतरण्यापर्यंत लहान उपकरणांस मोकळीक दिली. युरोपने त्याच वर्षी आणि भारताने २०१४ मध्ये तोच मार्ग धरला. फोन मात्र ‘विमान अवस्थेत’ ठेवावयाचा.

बिनतारी इअरबडला ही मोकळीक कशी मिळाली? तो ऐकतो तसा बोलतोही. त्या रेडिओसारखा चोरून नव्हे, उघड. परंतु त्याचे बोलणे २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झच्या दूरच्या पट्ट्यात चालते, जोर वॅटच्या काही सहस्रांशांइतकाच असतो, आणि सेकंदास १६०० वेळांपर्यंत तो आपली लहर बदलीत असतो. एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये आरंभिलेल्या कामातून ही ‘ब्लूटूथ’ पद्धत पुढे आली. उड्या मारणाऱ्या लहरींच्या अशाच एका युक्तीचे एकस्व १९४२ मध्ये हेडी लमार या चित्रपटनटीने एका संगीतकाराच्या साह्याने घेतले होते, तेही पाणतीराच्या मार्गदर्शनासाठी. तिला ब्लूटूथची जननी म्हणतात ते अतिशयोक्तच. पण योगायोग मजेचा आहे.

२०१६ अखेर ‘एअरपॉड्स’ बाजारात आले आणि इअरबड घरोघर गेले. मग निराळीच अडचण उपस्थित झाली: प्रवाशाच्या कानात तार नाही आणि आसनाला भोक तारेसाठीच! तारेवाचून ऐकू शकणाऱ्यास विमानातला चित्रपटच ऐकता येईना. मधला दुवा म्हणून चिमुकली प्रक्षेपकयंत्रे निघाली. २०२१ मध्ये युनायटेड कंपनीने आपल्या नव्या विमानांच्या पडद्यांतच ब्लूटूथची सोय केली.

लहरींचे भय असे ओसरले, पण विजेचे आले. फेब्रुवारी २०१७ मध्ये बीजिंगहून मेलबर्नला जाणाऱ्या विमानात एक स्त्री कानांवर हेडफोन लावून झोपली होती. त्यातील लिथियमच्या घटाचा स्फोट झाला. तिचा चेहरा होरपळला, तिने हेडफोन हिसकून खाली फेकला आणि सेवकांनी त्यावर पाणी ओतले. उरलेला सारा प्रवास करपलेल्या वासात लोक खोकत होते. म्हणूनच सुट्या बॅटऱ्या सामानाच्या कोठारात टाकू देत नाहीत; आणि एखादे उपकरण आसनाच्या फटीत पडले तर आसन मागेपुढे न करता सेवकांस बोलवावे, असे सांगतात. आसनाच्या यंत्रात घट चिरडला की पेट घ्यावयास वेळ लागत नाही.

तर मग हवाईसुंदरी त्या तरुणास इअरबड काढावयास सांगते ती विमानाच्या कानासाठी नव्हे. त्याच्या स्वतःच्या कानासाठी. संकटकाळची दारे कोठे आहेत ते त्याने ऐकावे, एवढाच तिचा हेतू. पण त्यातही आता एक पेच पडला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘एअरपॉड्स प्रो’मधील श्रवणसाह्याच्या सोयीस मान्यता दिली. १९६६ च्या नियमाने ज्याला वगळले ते श्रवणयंत्र, आणि ज्याचा संशय धरला ते ऐकण्याचे साधन, ही दोन्ही आता एकाच पांढऱ्या बोंडात येऊन बसली आहेत. पुढल्या रांगेतील एखाद्या मंदश्रुती गृहस्थांच्या कानांतही अगदी तशीच जोडी असते. ती काढली तर त्यांना सूचना ऐकू यावयाच्या नाहीत. हवाईसुंदरी खूण करते तेव्हा ते कानाकडे बोट दाखवितात, मान हलवितात, आणि तिला वाकून त्यांना विचारून घ्यावे लागते.