चंगळवाद : एम्प्रेस मिल ते एम्प्रेस मॉल

नागपूर : गांधीसागर अर्थात शुक्रवारी तलावालगतच्या ज्या जागेवर शंभराहून अधिक वर्षे सूत कातले गेले आणि कापड विणले गेले, तेथे आता अन्यत्र तयार झालेला माल विकला जातो. एम्प्रेस मिलच्या जागी उभा राहिलेला एम्प्रेस मॉल हे शहराच्या बदललेल्या अर्थकारणाचे ठळक चिन्ह होय. या बदलाशी निगडित वृत्तीला मराठीत ‘चंगळवाद’ म्हणतात. गरजेपुरती खरेदी म्हणजे चंगळवाद नव्हे. एक वस्तू घरात येताच दुसरीची उणीव भासू लागणे आणि माणसाची प्रतिष्ठा त्याच्या खरेदीवरून ठरणे, ही त्याची लक्षणे आहेत.

अमेरिकेतील जडणघडण

या वृत्तीला व्यवस्थेचे रूप मिळाले ते अमेरिकेत. सधन वर्ग उपयोगासाठी नव्हे, तर प्रदर्शनासाठी खर्च करतो, असे थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थतज्ज्ञाने १८९९ मध्येच मांडले होते. पुढे यंत्रांनी उत्पादन इतके वाढविले की, मालाला गिऱ्हाईक मिळविणे हाच प्रश्न झाला. जनरल मोटर्सने १९१९ मध्ये मोटारी हप्त्याने देण्यासाठी स्वतंत्र वित्तकंपनी काढली आणि नंतरच्या दशकात दरवर्षी मोटारीचे नवे रूप आणण्याची प्रथा रुळविली. त्यामुळे सुस्थितीतील गाडीही मालकाला जुनी वाटू लागली. प्रमुख दिवे उत्पादकांनी १९२४ मध्ये जिनिव्हात संघ स्थापून विजेच्या दिव्याचे आयुष्य सुमारे एक हजार तासांवर रोखण्याचे ठरविले. मिनेसोटा राज्यात १९५६ मध्ये पूर्णतः छताखालील मॉल उघडला, तर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने क्रेडिट कार्ड आणले. इच्छा जागविणे, तिला जागा देणे आणि पैसा पुरविणे, अशी तिन्ही अंगे त्यातून सिद्ध झाली.

अमेरिकेत १९५० च्या सुमारास नव्या घराचे सरासरी क्षेत्रफळ एक हजार चौरस फुटांच्या आसपास होते. आता ते दुपटीहून अधिक आहे, कुटुंबे मात्र लहान झाली आहेत. तरीही सामान मावत नसल्याने ते ठेवण्यासाठी गाळे भाड्याने देणे हा तेथे मोठा व्यवसाय बनला आहे. देशाचे उत्पन्न दीर्घकाळ वाढत गेले तरी लोकांचे समाधान त्या प्रमाणात वाढत नाही, असा निष्कर्ष रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ मध्ये मांडला. त्यावर अर्थतज्ज्ञांत अद्याप वाद आहे.

नागपुरातील वळण

जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली त्याच दिवशी, नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस जवळ होता आणि रेल्वेही आली होती. दलदलीच्या जागेत भराव घालून गिरणी उभारण्यात आली. येथील कामगारांसाठी १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी, तर १८९५ मध्ये अपघात भरपाईची योजना सुरू झाली. गिरणी १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि या शतकाच्या आरंभी बंद पडली.

गिरणीचा पगार झाला की इतवारी, सीताबर्डीत खरेदी होई. आधी कमाई, मग खर्च असा तो क्रम होता. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर आयात माल, खासगी बँका आणि सुलभ कर्जे आली, तसा हा क्रम उलटला. आता वस्तू आधी घरी येते आणि पुढील महिन्यांचा पगार हप्त्यांत अडकतो. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा हे मुहूर्तही सवलतींच्या जाहिरातींशी जोडले गेले. ‘शून्य टक्के व्याज’ या आकर्षणाबाबत रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना समज दिली होती. अशा योजनांतील व्याज बहुधा प्रक्रिया शुल्कात दडलेले असते, असे बँकेने नमूद केले होते.

वर्ध्याचा विचार

चंगळवादाची मूलगामी चिकित्सा नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवरील वर्ध्यात झाली. तिचे प्रवर्तक जे. सी. कुमारप्पा हे अमेरिकेतील सिराक्यूज आणि कोलंबिया विद्यापीठांत शिकलेले हिशेबतज्ज्ञ. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम त्यांनी मगनवाडीतून पाहिले. निसर्गातील ठेवा संपवून चालणारे अर्थकारण टिकत नाही. जे घेतले ते परत भरून देणारे अर्थकारणच शाश्वत ठरते, हा विचार त्यांनी १९४० च्या दशकात पुस्तकरूपाने मांडला. वस्तूची किंमत केवळ पैशात न मोजता, ती कोणी बनविली, कोणाला रोजगार मिळाला आणि ती किती काळ टिकेल, हेही ग्राहकाने पाहावे, असा त्यांचा आग्रह होता.

हा आग्रह संन्यासाचा नव्हता. गरज भागावी, पण कारागिराच्या हाताला काम राहावे, एवढीच त्यात अपेक्षा होती. ज्या जागेवर एके काळी हजारो हातांना काम मिळत होते, तेथील झगमगाटात खरेदी करताना कुमारप्पांचे हे प्रश्न नागपूरकरांना अधिकच लागू पडतात.