तळ्यांनी राखलेले अरण्य : विहार, तुळशी आणि बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान

१/ मुंबई आणि ठाणे या दोन गजबजलेल्या शहरांच्या मधोमध सुमारे १०३ चौ. किमी. अरण्य आजही उभे आहे. ते टिकले कसे? या प्रश्नाचे उत्तर बिबट्यांपेक्षा पिण्याच्या पाण्यात अधिक सापडते. त्याचाच हा मागोवा.

२/ आरंभ कान्हेरीपासून करू. इथल्या शंभराहून अधिक बौद्ध लेण्यांपैकी अनेकांच्या दाराशी खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. कल्याण, सोपारा येथील व्यापाऱ्यांनी इथे दाने दिली. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी अडवून वर्षभर पुरवायचे, ही विद्या या टेकड्यांवर सुमारे दोन हजार वर्षे जुनी आहे.

३/ आता एकोणिसाव्या शतकात येऊ. विहिरी आणि तलावांवर जगणाऱ्या मुंबईची लोकसंख्या पाच लाखांच्या पुढे गेली होती. १८४५ मध्ये पाणीटंचाईविरुद्ध लोकांनी आवाज उठवला. पुढच्या दशकातील अपुऱ्या पावसाने तर सरकारला निर्णय घेणे भागच पडले.

४/ हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार १८५६ मध्ये मिठी नदीच्या खोऱ्यात विहार तलावाचे काम सुरू झाले आणि १८६० मध्ये नळाचे पाणी मुंबईत पोहोचले. तेही अपुरे पडू लागले, तेव्हा रिएन्झी वॉल्टन यांच्या देखरेखीखाली तुळशी तलाव बांधला गेला. तो १८७९ मध्ये पूर्ण झाला.

५/ इथेच कथेला वळण मिळते. तलाव स्वच्छ ठेवायचा तर भोवतालचे डोंगर मोकळे राखावे लागतात. झाडी तुटली की माती वाहून तळ्यात साचते. वस्ती वाढली की सांडपाणी उतरते. म्हणून या पाणलोट क्षेत्रात बांधकामाला मज्जाव राहिला. पाण्यासाठी घातलेले कुंपण झाडांच्या कामी आले.

६/ १९४२ मध्ये सुमारे २० चौ. किमी. क्षेत्राचे ‘कृष्णगिरी राष्ट्रीय उद्यान’ झाले. पुढे तलावांचा परिसर त्यात आला, १९७४ मध्ये बोरिवली राष्ट्रीय उद्यान हे नाव मिळाले आणि १९८१ मध्ये आजचे.

७/ पण कुंपणाला दुसरीही बाजू आहे. अरण्यातील पाड्यांवर वारली व अन्य आदिवासी उद्यानाच्या घोषणेपूर्वीपासून राहत आले आहेत. नंतरच्या काळात कडेने झोपडपट्ट्या वाढल्या. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला आणि हजारो कुटुंबांच्या निवाऱ्याचा प्रश्न उभा राहिला. अरण्य कोणासाठी राखायचे, हा वाद अजून मिटलेला नाही.

८/ आज मुंबईला रोज सुमारे ३,८०० दशलक्ष लिटर पाणी पुरवले जाते. विहार आणि तुळशी मिळून त्यातले जेमतेम तीन टक्के देतात. निव्वळ पाण्याचा हिशेब मांडला, तर ही तळी आता किरकोळ ठरतील. मात्र त्यांच्यामुळे वाचलेल्या डोंगरांतूनच दहिसर आणि मिठी या नद्या निघतात. तेव्हा या तळ्यांचे मोल ठरवताना लिटरच्या आकड्याशेजारी या अरण्याचीही नोंद करावी लागेल.