धातूच्या कणावरचा दुसरा इलेक्ट्रॉन

ऑक्सिजनच्या आयनावर दोन ऋणभार लिहिण्याची सवय शाळेतील रसायनशास्त्रापासूनच जडते. क्षारांच्या स्फटिकात हा आयन निर्वेधपणे नांदतो, कारण भोवतालचे धनभार त्याला सावरून धरतात. तोच आयन निर्वात पोकळीत एकटा सोडला, तर दुसरा इलेक्ट्रॉन त्याच्यावर टिकत नाही. इतक्या लहान जागेत दोन जादा ऋणभारांचे परस्पर प्रतिकर्षण फार मोठे ठरते. मग दुसरा इलेक्ट्रॉन टिकण्यासाठी कण किती मोठा हवा? मोजक्या अणूंचे धातुसमूह, अर्थात 'क्लस्टर', या प्रश्नाचे उत्तर एकेका अणूच्या फरकाने देतात.

सोन्याच्या सलग तुकड्यातून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यास सुमारे ५.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. लहान गोलाच्या बाबतीत या बंधनातून प्रतिकर्षणाची ऊर्जा वजा करावी लागते, आणि गोल जितका लहान तितकी ती अधिक. ढोबळ हिशेबाने सोन्याचे सुमारे १७ अणू एकत्र आले की दुसरा इलेक्ट्रॉन बांधला जाऊ शकतो. तिसऱ्यासाठी ही संख्या ८० च्या घरात जाते. चांदीची इलेक्ट्रॉनवरील पकड सोन्यापेक्षा सैल असल्याने तिला अधिक अणू लागतात.

परंतु इलेक्ट्रॉन टिकेल एवढ्याने भागत नाही, तो आत शिरलाही पाहिजे. आधीच ऋणभारित असलेला कण येणाऱ्या इलेक्ट्रॉनला दुरूनच लोटतो. अगदी जवळ पोहोचल्यावर मात्र धातूतील भार बाजूला सरकतात आणि आकर्षण सुरू होते. या दोहोंमध्ये ऊर्जेची एक टेकडी उभी राहते. तिला कूलोम अडथळा म्हणतात. अतिमंद इलेक्ट्रॉन ती चढू शकत नाही, तर फार वेगवान इलेक्ट्रॉन कणाला तापवून त्याची मोडतोड करू शकतो.

जर्मनीतील लुट्झ श्वाइकहार्ड आणि सहकाऱ्यांनी ही अडचण पेनिंग सापळ्यात सोडवली. चुंबकीय व विद्युत क्षेत्रांच्या या सापळ्यात त्यांनी एकच ऋणभार असलेले सुवर्णसमूह कोंडले. मग आत आर्गॉन वायू सोडून त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत मारला. त्यातून निघालेले मंद इलेक्ट्रॉन त्याच सापळ्यात अडकले आणि सुवर्णसमूहांना जणू इलेक्ट्रॉनांचे स्नान घडले. १९९९ साली १२ ते २८ अणूंच्या सुवर्णसमूहांवर दोन ऋणभार आढळल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. ओळख पटवण्याची रीतही मोठी सुटसुटीत. दुहेरी भारामुळे वस्तुमान आणि भार यांचे गुणोत्तर निम्मे होते. त्यामुळे १३ अणूंचा समूह साडेसहा अणूंच्या जागी दिसतो, आणि तेथे दुसरा कोणताही सुवर्णसमूह असूच शकत नाही.

हिशेब १७ सांगतो, मग प्रयोगात १२ कसे? हिशेबातला गुळगुळीत गोल खऱ्या समूहाचे वर्णन अपुरेच करतो. धातुसमूहांतील इलेक्ट्रॉन अणूंप्रमाणेच कवचांत बसतात, आणि ८, २०, ४०, ५८ या संख्यांना कवचे पूर्ण होतात, हे १९८४ मध्ये बर्कलीत सोडियमच्या समूहांवर दिसून आले होते. सोन्याचा प्रत्येक अणू एक इलेक्ट्रॉन देतो. म्हणून १८ अणू आणि दोन जादा इलेक्ट्रॉन मिळून २० ची बेरीज जुळते.

शिवाय आत शिरताना आडवी येणारी टेकडी बाहेर पडतानाही आडवी येतेच. त्यामुळे ऊर्जेच्या दृष्टीने 'नकोसा' असलेला इलेक्ट्रॉनही काही काळ अडकून राहतो आणि अखेर पुंजयामिकीच्या नियमाने टेकडी भेदून निसटतो. अल्फा किरणोत्सर्गाचे हेच स्पष्टीकरण गॅमोव्हने १९२८ साली दिले होते. धातुसमूह नसलेल्या, चार ऋणभारांच्या एका ताम्रयुक्त सेंद्रिय रेणूत जादा इलेक्ट्रॉनचे बंधन चक्क उणे ०.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असूनही तो टिकल्याचे १९९९ मध्येच दाखवले गेले.

धनभारित समूहांची गोष्ट निराळी. भार मर्यादेपलीकडे गेला की द्रवाचा थेंब फुटतो, हे रॅलीने १८८२ मध्ये मांडले होते. भार वाढलेले धन समूहही तसेच दुभंगतात. ऋणभारित समूहाला मात्र इलेक्ट्रॉन सोडून देण्याची अधिक सोपी वाट उपलब्ध असते. ती अडवून धरणाऱ्या टेकडीच्या बळावरच ग्राइफ्सवाल्ड येथील प्रयोगांत ॲल्युमिनियमचे चार ऋणभार असलेले समूह मिळाले. ते निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.