नत्रवायूला दाबांत ठेवण्याची विद्या

औषधांच्या किंवा खतांच्या एखाद्या मोठ्या कारखान्यांत गेलें कीं एका बाजूस एक यंत्र धडधडत असलेलें दिसतें. त्याला बूस्टर कॉम्प्रेसर म्हणतात. आधींच थोड्या दाबाखालीं आलेला नत्रवायु घ्यावयाचा, त्याला आणखी दाबावयाचें आणि पुढच्या नळींत सोडावयाचें, एवढेंच त्याचें काम. परंतु हें यंत्र बसवितांना पाळावयाच्या नियमांची यादी बरीच लांब आहे. पाया कसा असावा, झडप कोठें असावी, खोलींत वारा कोठून यावा, दाराशीं कोणतें मापकयंत्र टांगावें, हें सर्व ठरलेलें असतें. नव्या माणसास या अटी जाचक वाटतात. इतिहास पाहिला म्हणजे मात्र त्यांच्यामागें कोणाची तरी बुद्धि किंवा कोणाचा तरी प्राण खर्ची पडलेला आढळतो. तो इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

आपण ज्या हवेंत श्वास घेतों तिच्यांत शेंकडा ७८ भाग नत्रवायु असतो. १७७२ सालीं एडिंबरो येथें डॅनियल रदरफर्ड या वैद्यकाच्या तरुण विद्यार्थ्यानें तो प्रथम वेगळा करून दाखविला. प्राणवायु संपून गेलेल्या व कर्बवायु काढून टाकलेल्या त्या हवेंत दिवा तेवेना आणि उंदीर जगेना. म्हणून त्यानें तिला घातक हवा म्हटलें. फ्रान्समध्यें लाव्हाझिए यानें तिला 'आझोत', म्हणजे निर्जीव, असें नांव दिलें. जर्मन लोक तर तिला आजहि 'श्टिकश्टोफ', म्हणजे गुदमरविणारा पदार्थ, असेंच म्हणतात. याप्रमाणें बारशालाच इशारा मिळाला होता. पण या वायूला रंग नाहीं, वास नाहीं, तो पेटत नाहीं. त्यामुळें पुढें त्याची गणना निरुपद्रवी वस्तूंत होऊं लागली.

दाबाची कथा याहून जुनी आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें हाडें शिजविण्याचें बंद भांडें तयार केलें व त्यावर वजन टांगलेली झडप बसविली. दाब मर्यादेबाहेर गेला कीं झडप उचलली जावी आणि भांडें फुटूं नये, अशी ती योजना होती. झडपेचें तत्त्व समजलें, पण सक्तीचे नियम सर्वत्र होण्यास फार काळ लागला. २० मार्च १९०५ रोजीं अमेरिकेंत ब्रॉकटन या गांवीं जोड्यांच्या कारखान्यांतील बॉयलर फुटला, इमारत कोसळून पेटली आणि ५८ माणसें मरण पावलीं. त्यानंतर मॅसाचुसेट्स राज्यानें १९०७ सालीं बॉयलरचा कायदा केला आणि १९१५ सालीं तेथील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेनें आपली बॉयलरसंहिता प्रसिद्ध केली. दाबाचीं भांडीं कशीं घडवावीं व कशीं तपासावीं याविषयींच्या आजच्या पुष्कळशा नियमांचें मूळ तेथें सांपडतें.

नत्रवायूचा आणि प्रचंड दाबाचा खरा संबंध जर्मनींत जुळला. १९०९ सालीं कार्लस्रूहे येथें फ्रिट्झ हाबर यानें नत्र व हायड्रोजन यांच्या संयोगानें अमोनिया करून दाखविला. त्यासाठीं बाहेरच्या हवेच्या सुमारें २०० पट दाब लागत होता. हा प्रयोग कारखान्यांत उतरविण्याचें काम कार्ल बॉश या अभियंत्याकडे आलें. त्याच्या पहिल्या पोलादी नळ्या सुमारें ८० तासांतच फुटल्या. तपासाअंतीं असें दिसून आलें कीं तप्त हायड्रोजन पोलादांत शिरून त्यांतील कर्ब खाऊन टाकतो व धातु ठिसूळ होतो. बॉशनें १९११ सालीं नळीला आंतून कर्बहीन मऊ लोखंडाचें अस्तर दिलें आणि बाहेरच्या पोलादाला बारीक भोंकें पाडलीं. अस्तरांतून जो थोडा हायड्रोजन झिरपेल तो तेथें न सांचतां बाहेर जावा, हा हेतु. १९१३ सालीं ओप्पाऊचा कारखाना सुरू झाला आणि १९३१ सालीं बॉशला नोबेल पारितोषिक मिळालें. गळती मुळींच होणार नाहीं असें गृहीत न धरतां तिच्यासाठीं आधींच वाट काढून ठेवावी, हा बॉशचा धडा. आजच्या कॉम्प्रेसरमध्यें दट्ट्याच्या दांड्यापाशीं झिरपणारा वायु वेगळ्या नळीनें घराबाहेर नेतात, तो त्याच विचारानें.

इकडे कार्ल फॉन लिंडे यानें १८९५ सालीं हवा मोठ्या प्रमाणांत द्रवरूप केली आणि पुढें तिच्यांतून प्राणवायु व नत्रवायु वेगळे काढणें सोपें झालें. नत्रवायु स्वस्त झाला. आग लागूं नये म्हणून टांक्यांत भरण्यासाठीं, नळ्या धुऊन काढण्यासाठीं तो लहानसहान कारखान्यांतहि आला. आतां यंत्राचा स्वभाव पाहा. ३० अंश उष्णतेचा नत्रवायु एका दमांत चौपट दाबला तर तो सुमारें १७५ अंशांपर्यंत तापतो. म्हणून दाब पायरीपायरीनें वाढवावा लागतो आणि दोन पायऱ्यांमध्यें वायु थंड करावा लागतो. आंत येणारा वायु अपुरा पडला तर यंत्र आपोआप थांबलें पाहिजे. नाहींतर तें कोठून तरी बाहेरची हवा ओढूं लागेल आणि तिच्यांतील प्राणवायु, वंगणाचें तेल व उष्णता एकत्र येऊन आग लागण्याचा संभव असतो.

परंतु सर्वांत मोठा धोका स्फोटाचा नसून शांततेचा आहे. कोंडलेल्या जागेंत आपला जीव घाबरा होतो तो सांचलेल्या कर्बवायूमुळें. प्राणवायु कमी झाल्याचें शरीरास सहसा कळत नाहीं. शुद्ध नत्रवायूचे एकदोन श्वास घेतांच माणूस कोसळतो. १९ मार्च १९८१ रोजीं अमेरिकेंत 'कोलंबिया' या अंतराळयानाच्या मागील कप्प्यांत, आगीचा धोका टाळण्याकरितांच, नत्रवायु भरलेला होता. त्यांत शिरलेल्या कामगारांपैकीं दोघे थोड्याच दिवसांत दगावले. अमेरिकेंतीलच रासायनिक अपघातांची चौकशी करणाऱ्या मंडळानें २००३ सालीं हिशेब मांडला, तेव्हां १९९२ ते २००२ या काळांत नत्रवायूमुळें गुदमरण्याचे ८५ प्रसंग व त्यांत ८० मृत्यु झाल्याचें आढळलें. म्हणूनच झडपेचें तोंड खोलीबाहेर, माणसांच्या वर्दळीपासून दूर काढतात आणि दाराशीं प्राणवायुमापक लावतात. हवेंत शेंकडा २०.९ असणारा प्राणवायु १९.५ वर उतरला कीं त्यानें घंटा वाजवावी, अशी रीत आहे.

आपल्या देशांत गॅस सिलिंडरविषयींचे नियम १९४० सालीं झाले. आजचे नियम २०१६ चे आहेत. त्यांवर देखरेख करणाऱ्या मध्यवर्ती खात्याची मुख्य कचेरी नागपुरास आहे. परंतु नियम कागदावर असतात आणि यंत्र जमिनीवर. तें बसविणाऱ्यानें पाया भक्कम घ्यावा, नळ्यांवर ताण ठेवूं नये, पहिली कसोटी शक्य तेथें पाण्याच्या दाबानें पाहावी. कारण पाणी फारसें दाबलें जात नाहीं, आणि भांडें फुटलेंच तर वायूसारखा घात करीत नाहीं. आणि आंत कोणी पडलेला दिसला तर श्वसनाचें साधन चढविल्यावांचून दुसऱ्यानें आंत पाऊल टाकूं नये. मायेनें धांवणाराहि तेथेंच पडतो. ज्या वायूला स्वतःची वाच्यता करतां येत नाहीं, त्याच्या वतीनें घंटेनें, झडपेनें व शिस्तीनें बोलावें, एवढेंच या अडीचशें वर्षांच्या विद्येचें सार आहे.