भागोजींच्या हातची पट्टी

राहात्याहून शिर्डी जेमतेम पाच-सहा किलोमीटर. साईबाबा इथं खुशालचंद शेठजींच्या घरी येत, असं दाभोलकरांनी ‘श्रीसाईसच्चरिता’त लिहून ठेवलं आहे. त्याच ग्रंथातला एक प्रसंग, आजाऱ्यांच्या समुपदेशनाविषयी बोलताना मला हटकून आठवतो.

१९१० सालची धनत्रयोदशी. मशिदीत धुनीपुढं बसलेल्या बाबांनी एकाएकी हात आगीत घातला. दूर कुठंतरी लोहाराचं मूल भट्टीत पडलं, त्याला वाचवलं, असं त्यांनी सांगितलं. तो श्रद्धेचा भाग झाला. माझं लक्ष जातं ते पुढच्या गोष्टीकडं. नानासाहेब चांदोरकर मुंबईचे डॉ. परमानंद यांना मलमपट्टीसह घेऊन आले. बाबांनी त्यांना हात लावू दिला नाही. तूप चोळून, पान ठेवून पट्टी बांधण्याचं काम भागोजी शिंदे यांचं. आणि भागोजींना स्वतःला महारोग होता, बोटं झडलेली होती. जखम भरली तरी ही सेवा थांबली नाही. १९१८ मध्ये बाबांचं निर्वाण होईपर्यंत ती रोज चालली.

तो काळ कसा होता? हॅन्सन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधला होता, पण गुणकारी औषध यायला १९४० चं दशक उजाडलं. १८९८ च्या कायद्यानं निराधार महारोग्याला पकडून आश्रमात ठेवता येई. तो कायदा रद्द झाला २०१६ मध्ये! अशा काळात भागोजींच्या हातांची कुणाला तरी रोज गरज होती.

पुढं अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी मानवतावादी समुपदेशनाचा पाया घातला. समोरच्याला आहे तसा स्वीकारा, त्याचं दुःख त्याच्या जागी जाऊन समजून घ्या, त्याच्याशी मुखवटा न लावता वागा, हे त्याचं सार. बाबा काही समुपदेशक नव्हते. पण स्वीकार म्हणजे काय, ते या पट्टीत दिसतं. मात्र डॉक्टरांना नाकारावं, असा धडा यातून कुणी घेऊ नये. आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो.

आजाऱ्याच्या भेटीला जाण्याला आम्ही ‘इयादत’ म्हणतो. ते कर्तव्यच मानलं जातं. माझ्या आईला अर्धांगवायू झाला, तेव्हा घर माणसांनी भरून जाई. सगळे तिला धीर देत, भरवत, ‘तुम्ही काही करू नका’ म्हणत. ती भिंतीकडं तोंड करून पडून राही. एके दिवशी शेजारच्या काकूंनी तिच्यापुढं मेथीची जुडी ठेवली. म्हणाल्या, “भाभी, एवढी निवडून द्या, मला उशीर होतोय.” आईनं एका हातानं, तासभर लावून, ती निवडली. त्या संध्याकाळी ती आपणहून बोलली.

आम्ही सगळे तिला काहीतरी द्यायला जात होतो. काकूंनी तिच्याकडं काहीतरी मागितलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)