एडवर्ड्स, शॉन

एडवर्ड्स, शॉन : (१७ ऑक्टोबर १९६६ – ). रग्बी लीगमधला इंग्लिश हाफबॅक (आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू). निवृत्तीनंतर रग्बी युनियनमधला बचावाचा नामांकित प्रशिक्षक. जन्म लँकाशर परगण्यातील विगन या गावी. वडील जॅकी एडवर्ड्स हेही हाफबॅक. ते वॉरिंग्टनकडून खेळत; पाठीच्या कण्याला झालेल्या दुखापतीने त्यांचा खेळ ऐन तारुण्यात संपला.

एडवर्ड्सची कारकीर्द समजून घ्यायची तर रग्बीचे दोन प्रकार ध्यानात घ्यावे लागतात. उत्तर इंग्लंडच्या क्लबांत खाणकामगार आणि गिरणीकामगार खेळत. सामन्यासाठी बुडालेला रोज त्यांना भरून द्यावा की नाही, या वादातून १८९५ मध्ये हडर्सफील्ड येथे हे क्लब मूळ संघटनेतून फुटले आणि पुढे त्यांच्या खेळाला ‘रग्बी लीग’ हे नाव पडले. लीगमध्ये १३ खेळाडू. चेंडूवाला पकडला गेला की उठतो, चेंडू पायाने मागे सारतो आणि खेळ पुढे चालू होतो; सहाव्या टॅकलनंतर (पकडीनंतर) चेंडू प्रतिपक्षाला. युनियनमध्ये १५ खेळाडू, आणि पाडाव झाल्यावर चेंडूसाठी दोन्ही बाजूंची झोंबाझोंबी. युनियन १९९५ पर्यंत अधिकृतपणे हौशी राहिली. लीगचे पैसे घेणाऱ्याला तिकडचे दार जन्मभर बंद होई. शाळकरी वयात एडवर्ड्सने दोन्ही प्रकारांत इंग्लंडच्या संघाचे कर्णधारपद भूषवले होते. पण विगनसारख्या गावात लीगची निवड जवळजवळ ठरलेलीच होती. सतराव्या वाढदिवशी, १९८३ मध्ये, विगन क्लबने ३५ हजार पौंड मोजून त्याला करारबद्ध केले. पोरसवदा खेळाडूसाठी एवढी रक्कम त्या काळी ऐकिवात नव्हती.

पुढच्याच मे महिन्यात तो वेम्ब्लीवर लीगच्या बाद पद्धतीच्या चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात उतरला, तोही फुलबॅक (सर्वांत मागचा खेळाडू) म्हणून. विगन विड्नेसकडून १९–६ असे हरले. १९८५ मध्ये हल संघाला २८–२४ ने नमवून चषक मिळाला, आणि त्याच वर्षी, अठरा वर्षांचा असताना, तो ग्रेट ब्रिटनकडूनही खेळला. १९८८ ते १९९५ अशी सलग आठ वर्षे विगनने हा चषक कुणाला घेऊ दिला नाही. १९८८ च्या अंतिम सामन्यात हॅलिफॅक्सविरुद्ध कर्णधार होता २१ वर्षांचा एडवर्ड्स. या मालिकेत विगन चषकाचे सलग ४३ सामने अपराजित राहिले आणि त्या प्रत्येक सामन्यात तो मैदानात होता. १९९६ च्या फेब्रुवारीत खालच्या विभागातल्या सॉलफर्डने ही साखळी तोडली. एलरी हॅन्ली, अँडी ग्रेगरी, डीन बेल, मार्टिन ऑफाया अशी एकाहून एक सरस माणसे त्या संघात होती हे खरे. पण ती आली आणि गेली, एडवर्ड्स मात्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत होता.

ऑफायाइतका वेगवान किंवा हॅन्लीइतका दांडगा तो नव्हता. त्याचे वैशिष्ट्य होते साथीची धाव. आपला गडी प्रतिपक्षाची फळी फोडून निघाला की त्याच्या खांद्याशी पास घ्यायला एडवर्ड्स हजर असायचाच. फळी कुठे फुटणार हे त्याला दोन पावले आधी कळे. त्यामुळे हाफबॅक असूनही विगनसाठी त्याने २७४ ट्राय (चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण) केले. सप्टेंबर १९९२ मध्ये स्विंटनविरुद्ध तर एकाच सामन्यात १०.

त्याची चिवट वृत्ती सांगताना १९९० च्या अंतिम सामन्याचा दाखला हमखास दिला जातो. प्रतिस्पर्धी वॉरिंग्टन, म्हणजे वडिलांचा जुना क्लब. सुरुवातीच्या काही मिनिटांतच एडवर्ड्सच्या गालाचे हाड आणि डोळ्याची खोबण मोडली. तो बाहेर गेला नाही. सुजलेल्या चेहऱ्याने उरलेला सामना खेळला आणि विगनने ३६–१४ ने चषक राखला. आजच्या वैद्यकीय नियमांत असे धाडस कुणी खपवून घेणार नाही, आणि ते योग्यच आहे. त्या वर्षी मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा ‘मॅन ऑफ स्टील’ हा किताब त्याला मिळाला.

ग्रेट ब्रिटनसाठी तो ३६ सामने खेळला. ऑक्टोबर १९९४ मध्ये वेम्ब्लीवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध कर्णधार असताना ब्रॅडली क्लाइडला मानेच्या उंचीवर टॅकल केल्याबद्दल त्याला पूर्वार्धातच मैदानाबाहेर काढले गेले. उरलेल्या बारा जणांनी सामना ८–४ असा जिंकला. पुढे बचावाचा गुरू म्हणून नावाजलेल्या माणसाच्या संघाने बचावाचा इतिहास घडवला, तो त्याच्या गैरहजेरीत!

१९९७ मध्ये तो विगन सोडून लंडन ब्रॉन्कोजकडे गेला. मध्ये थोडा काळ ब्रॅडफर्डकडे काढून पुन्हा लंडनला परतला. १९९९ मध्ये लंडनकडून चषकाचा अकरावा अंतिम सामना खेळला. त्यात लीड्सने ५२–१६ असा धुव्वा उडवला. २००० मध्ये निवृत्ती.

प्रशिक्षक : युनियनमध्ये तोवर व्यावसायिकता आली होती. सरावाचा बराचसा वेळ स्क्रम आणि लाइनआउट या खेळ पुन्हा सुरू करण्याच्या रचनांवर जाई. बचावाचे स्वतंत्र शास्त्र फारसे विकसित नव्हते. ते लीगवाल्यांकडे तयार होते. टॅकल झाला की दहा मीटर मागे, लगेच ओळीने पुढे, पुन्हा मागे, ही कवायत त्यांच्या अंगवळणी पडलेली. लीगमधून आलेल्या जॉन मगल्टनने बचाव बसवून दिलेल्या ऑस्ट्रेलियाने १९९९ चा युनियन विश्वचषक अवघा एक ट्राय देऊन जिंकला होता. इंग्लंडच्या संघाबरोबर लीगचाच फिल लार्डर काम करत होता. २००१ मध्ये एडवर्ड्स लंडनच्या वॉस्प्स क्लबात दाखल झाला तो याच वाटेने.

तिथे, विशेषतः वॉरेन गॅटलंड प्रशिक्षक म्हणून आल्यावर, त्याने ‘ब्लिट्झ’ बचाव बसवला. प्रतिपक्षाची वाट पाहायची नाही. चेंडू हलला की पूर्ण फळीने धावत पुढे जायचे. बाहेरच्या बाजूचा गडी किंचित पुढे राहून कडेची वाट अडवतो, चेंडूवाला आत वळतो आणि तिथे गर्दी तयारच असते. कबड्डीत कोपऱ्यातला गडी चढाईवाल्याला मध्यभागी रेटतो, तसे. यात जोखीम मोठी आहे. एक जण जरी मागे राहिला तरी फळीत भगदाड पडते, म्हणून शेवटच्या मिनिटालाही धावण्याची ताकद हवी. वॉस्प्सने २००३, २००४, २००५ व २००८ या वर्षी इंग्लंडचे विजेतेपद, तर २००४ व २००७ मध्ये युरोपचा हायनेकेन चषक जिंकला.

२००७ च्या अखेरीस गॅटलंड वेल्सचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि २००८ मध्ये एडवर्ड्स त्याच्याबरोबर गेला. त्याआधीच्या विश्वचषकात फिजीकडून हरून वेल्सची पहिल्याच फेरीत गच्छंती झाली होती. २००८ च्या सिक्स नेशन्स या युरोपीय स्पर्धेतल्या पहिल्या सामन्यात त्यांनी ट्विकनमवर इंग्लंडला २६–१९ असे हरवले. त्या मैदानावरचा त्यांचा वीस वर्षांतला हा पहिला विजय. पुढचे चारही सामने जिंकून ग्रँड स्लॅम (स्पर्धेतल्या सर्व सामन्यांत विजय) साधले. पाच सामन्यांत वेल्सवर झाले फक्त दोन ट्राय. २०१२ आणि २०१९ मध्ये ग्रँड स्लॅमची पुनरावृत्ती झाली. मधल्या काळात, २००९ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात, तो ब्रिटिश-आयरिश लायन्स या संयुक्त संघाबरोबर होता.

ऑगस्ट २०१८ मध्ये विगनने जाहीर केले, की २०२० पासून एडवर्ड्स मुख्य प्रशिक्षक म्हणून येणार. गावाला आनंद झाला. पण काही महिन्यांनी, आपण करारावर सही केलेलीच नाही, असे एडवर्ड्सनेच सांगितले आणि तो बेत बारगळला. लीगमध्ये घडलेल्या या माणसाने प्रशिक्षक म्हणून लीगचा एकही वरिष्ठ संघ हाताळलेला नाही. राष्ट्रीय संघांतही त्याने मुख्यपदाऐवजी बचावाचेच काम केले. मुख्य प्रशिक्षकाला संघनिवड, पत्रकार, पदाधिकारी असे सगळे सांभाळावे लागते. एडवर्ड्सचा पिंड एका विषयात खोल उतरण्याचा आहे, असे त्याच्या वाटचालीवरून वाटते.

२०१९ च्या विश्वचषकानंतर तो फाबियँ गाल्तिए मुख्य प्रशिक्षक असलेल्या फ्रान्सकडे गेला. फ्रेंच रग्बीची ख्याती मनस्वी आक्रमणाची. बचाव म्हणजे त्यांच्या लेखी सवडीचे काम. मार्च २०२२ मध्ये फ्रान्स कार्डिफला खेळायला गेले, तेव्हा एडवर्ड्सच्या जुन्या संघाला, वेल्सला, एकही ट्राय करता आला नाही. फ्रान्सने सामना १३–९ ने जिंकला आणि आठवड्याभराने पॅरिसमध्ये इंग्लंडला २५–१३ असे हरवून २०१० नंतरचे पहिले ग्रँड स्लॅम मिळवले. मायदेशातल्या २०२३ च्या विश्वचषकात मात्र उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण आफ्रिकेने एका गुणाने (२९–२८) घात केला. त्या सामन्यात फ्रान्सच्या बचावावर चार ट्राय झाले. २०२५ मध्ये फ्रान्स पुन्हा सिक्स नेशन्स विजेते ठरले.

चॅलेंज चषकाची नऊ विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. १९९६ मध्ये त्याला ओबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला आणि २०१५ मध्ये ब्रिटनच्या रग्बी लीग हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला.